दीर्घ आजार असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी ऑनलाइन मेंटरिंग: सुरू करण्याआधी काय पक्कं करावं?

पाऊलवाट

नमस्कार. कायमचा किंवा वर्षानुवर्षं चालणारा आजार असलेल्या १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी आम्ही काही जण ऑनलाइन मेंटरिंग सुरू करतो आहोत. तोच आजार लहानपणापासून सांभाळत आलेला, वयाने थोडा मोठा असा कुणीतरी त्यांना नियमित व्हिडिओ कॉलवर भेटेल, अशी कल्पना आहे. नावं दिलेल्या मुलांमध्ये टाइप १ डायबेटिस, संधिवात, एपिलेप्सी (फेफरं), क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज आणणारा आजार) आणि सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट चिकट स्राव साठवणारा जन्मजात आजार) असे वेगवेगळे आजार आहेत. मेंटर व्हायला १८ ते २४ वयाची दहा तरुण मंडळी तयार आहेत. एक मानसशास्त्रज्ञ आणि एक नर्स आठवड्याला काही तास देणार आहेत.

अडलंय ते इथे: एकास-एक भेटी ठेवाव्यात की गट करावा, आणि किती भेटी? मेंटर निवडायचे आणि तयार करायचे कसे? औषधांचा विषय निघाला तर मेंटरने कुठे थांबायचं? मुलांशी काय बोलणं झालं ते पालक विचारणारच, त्यांना काय सांगायचं? आणि अ‍ॅप कुठलं वापरावं? उत्साहाच्या भरात सुरू करून मुलांना त्रास व्हायला नको. या कामातल्या लोकांनी कृपया तपशिलात लिहावं.

सुकाणू

दहा मेंटर पुरेसे आहेत, पण दहाही जणांना पहिल्याच आठवड्यात मुलं जोडून देऊ नका. तीन-चार जोड्यांनी सुरुवात करा, त्यांच्या निम्म्या भेटी झाल्या की पुढच्या जोड्या. पहिल्या जोड्यांतच तुमच्या नियमांमधली भोकं दिसतात आणि तेव्हा ती बुजवायला समन्वयकाकडे वेळ असावा लागतो.

आधी एकास-एक, गट नंतर. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात तयार झालेला आयपीअरटूपीअर हा या विषयातला नीट अभ्यासला गेलेला नमुना आहे. १२ ते १८ वयाची मुलं, प्रशिक्षण घेतलेले तरुण मेंटर आणि २० ते ३० मिनिटांचे दहापर्यंत व्हिडिओ कॉल, अशी त्याची बांधणी. तुम्हीही याच्या आसपास राहा. पहिल्या चार भेटी आठवड्याला एक, पुढच्या दर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे तीन महिन्यांत काम पुरं होतं. अर्ध्या तासापेक्षा लांबवू नका. दुखणं आणि थकवा असलेलं मूल चाळीसाव्या मिनिटाला नुसतं हो-हो करत असतं, आणि पुढच्या वेळी कॉलच टाळतं. शेवटची तारीख पहिल्याच भेटीत दोघांनाही माहीत असली पाहिजे. "लागेल तोवर बोलू" असं ठेवलं की मेंटर दमतो, हळूहळू गायब होतो, आणि मुलाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

निवडीबद्दल. निदान होऊन किमान दोन वर्षं झालेली असावीत आणि गेल्या सहा महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया किंवा उपचारांत मोठा बदल झालेला नसावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं "हे काम झेपेल" एवढं पत्र घ्या, आजाराचा सगळा इतिहास मागू नका. दोन ओळखीच्या व्यक्तींकडून चौकशी आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी जी अधिकृत पार्श्वभूमी तपासणी उपलब्ध असेल ती, यांत कुणालाही सूट नाही. मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: "या आजाराचं आजही तुला काय जड जातं?" काहीच जड जात नाही म्हणणारा मेंटर मुलाला खोटा वाटतो. याच प्रश्नावर ज्याचं बोलणं थांबतच नाही त्याची स्वतःची जखम अजून ओली आहे. दोघांनाही "सहा महिन्यांनी परत या" म्हणावं, नकार देऊ नये.

आणि आदर्श रुग्ण शोधू नका. प्रत्येक गोळी वेळेवर घेणारा, आजार असून अव्वल येणारा मेंटर पोस्टरवर छान दिसतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तो आईने दाखवलेल्या "बघ त्याच्याकडे" या उदाहरणासारखाच वाटतो. ज्याने औषधं टाळली, कंटाळला, लपवलं आणि मग स्वतःची काहीतरी पद्धत बसवली, असा माणूस हवा.

प्रशिक्षण साधारण सोळा तासांचं ठेवा, दोन-दोन तासांची आठ सत्रं. त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष सरावाला, म्हणजे एकाने मूल व्हायचं आणि दुसऱ्याने मेंटर. सगळ्यांत अवघड जातं ते स्वतःची गोष्ट आवरणं. नियम असा घालून द्या की स्वतःचा अनुभव मुलाने विचारला तरच सांगायचा, दोन मिनिटांत संपवायचा आणि शेवटी प्रश्न मुलाकडे परत न्यायचा: "माझं असं झालं, तुझ्याकडे कसं आहे?" आजार सारखा म्हणून अनुभवही सारखा असेल असं मेंटरला सारखं वाटत राहतं. "मला माहितीये तुला काय वाटतंय" हे वाक्य सरावातच खोडून काढा.

जोड्या लावताना मुलाला विचारा की त्याच्यासाठी काय महत्त्वाचं आहे. कुणाला तोच आजार हवा असतो, कुणाला मुलगीच मेंटर हवी असते, कुणाला क्रिकेट किंवा गेमिंगवर बोलणारा हवा असतो. तोच आजार असलेला मेंटर नसेल तर उपचारांवरून जोडी लावा: दर आठवड्याचं इंजेक्शन, पोटावरची शौचाची पिशवी, स्टेरॉइडमुळे सुजलेला चेहरा, लपवावं लागणारं दुखणं. या गोष्टी आजाराच्या नावापेक्षा जास्त जोडतात. वयातलं अंतर तीन ते सहा वर्षं असावं. एकाच शाळा-कॉलेजातली किंवा शेजारपाजारची जोडी नको. एका मेंटरकडे एका वेळी दोनच मुलं.

पहिली भेट बऱ्याचदा बिघडते, म्हणून ती थोडी आखून द्या. समन्वयक पहिली पाच मिनिटं हजर राहून ओळख करून देतो आणि बाहेर पडतो. मग मेंटर तीन प्रश्न विचारतो: आत्ता कुठून बोलतोयस, मोकळेपणी बोलता येतंय का, कॅमेरा चालू ठेवायचा की बंद? त्यानंतर दहा मिनिटं आजार सोडून काहीही. आजाराचा विषय मुलाने काढला तर ठीक, नाही काढला तर पहिल्या भेटीत काढायचाच नाही. शेवटची पाच मिनिटं गोपनीयतेचे नियम आणि पुढची वेळ. "पुढच्या वेळी कशावर बोलूया?" याला "माहीत नाही" हे उत्तर चालतं. मेंटरने तीन विषय सुचवावेत: शाळेत सांगायचं की नाही, डॉक्टरांशी स्वतः बोलणं, मित्रांबरोबर बाहेर राहणं.

चुकलेल्या भेटींचा नियम आधी ठरवा. मेंटर दहा मिनिटं थांबतो, एक साधा मेसेज टाकतो, तगादा लावत नाही. सलग दोन चुकल्या की समन्वयक फोन करतो. कारणं बहुतेक वेळा साधी असतात: आजार उसळला, परीक्षा आली, फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे होता. कधीकधी मात्र मागच्या भेटीत मूल ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोलून गेलेलं असतं आणि त्याला लाज वाटत असते. अशा मुलाला "पुढची भेट फक्त पंधरा मिनिटांची आणि गप्पांची" असं सांगितलं की ते परत येतं.

रात्रपाळी

औषधांबद्दलच्या प्रश्नावर लिहिते, कारण घोटाळा इथेच होतो. "वैद्यकीय सल्ला देऊ नका" एवढं सांगून मेंटरला काहीच कळत नाही. त्याला अशी रेघ आखून द्या: *कसं जमवायचं* यावर बोला, *किती आणि कोणतं* यावर बोलू नका. गोळीची आठवण कशी ठेवायची, सहलीला इंजेक्शन कसं न्यायचं, टोचण्याआधीची भीती कशी काढायची, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कसे लिहून न्यायचे, हे सगळं चालेल. डोस, औषध बदलणं, बंद करणं, पर्यायी उपचार, रिपोर्ट वाचून अर्थ सांगणं, यातलं काहीच नाही. मेंटर स्वतः कोणतं औषध किती घेतो तेही सांगायचं नाही. मूल तोच आकडा लक्षात ठेवतं.

खरी कसोटी तेव्हा लागते जेव्हा मूल सांगतं की औषध घेतलंच नाही. टाइप १ ची मुलगी म्हणाली, "ताई, कालपासून इन्सुलिन नाही घेतलं, घरी सांगू नकोस." मेंटरने घाबरायचं नाही, रागवायचं नाही, आणि वचनही द्यायचं नाही. काहीसं असं:

"बरं झालं मला सांगितलंस. आत्ता तुला कसं वाटतंय? उलटी, पोटात दुखणं, श्वास जोरात चालणं, असं काही आहे?"

"पोटात दुखतंय थोडं."

"मग हे आपल्या दोघींत ठेवता येणार नाही, कारण यात थांबायला वेळ नसतो. घरी कोण आहे? तू त्यांना बोलावतेस की समन्वयकांनी फोन करू दे? मी कॉलवरच आहे."

काय झालं, का घेतलं नाही, हे सगळं नंतर विचारता येतं. टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद झालं तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी अवस्था) एखाद्या दिवसात गाठू शकतो. इन्सुलिन पंप (अंगाला जोडलेलं, सतत इन्सुलिन देणारं छोटं यंत्र) वापरणाऱ्यांत त्याहून लवकर, कारण पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं आणि नळी निघाली की शरीरात साठा उरत नाही. मेंटरला हे कारण समजलेलं असलं की तो "उद्या बघू" म्हणत नाही.

अशा "थांबायचं नाही" प्रसंगांचं एक पान प्रत्येक आजारासाठी करा आणि ते त्या आजाराच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. एपिलेप्सीचं औषध अचानक बंद केलं तर न थांबणारे झटके येऊ शकतात. बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल हे संप्रेरक अपुरं पडतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. अवयव प्रत्यारोपण झालेल्या मुलाने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चुकवली तर अवयव नाकारला जाण्याचा धोका असतो, आणि सुरुवातीला त्याला काहीच जाणवत नाही. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर विषबाधा होते. "मी आता रोज घेते" असं कुणी बोललं की लगेच नर्सला कळवायचं.

कॉल चालू असतानाच काही झालं तर? म्हणून सुकाणू यांनी लिहिलेला "आत्ता कुठून बोलतोयस?" हा प्रश्न मी प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला सक्तीचा करेन. मूल आजोळी किंवा हॉस्टेलवर असेल आणि तुमच्याकडे घरचा पत्ता असेल तर मदत चुकीच्या दारात जाते. झटका आला तर मेंटरने कॉल तोडायचा नाही, घड्याळ बघायचं, दुसऱ्या फोनवरून समन्वयकाला कळवायचं. मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या झटक्याला तातडीची मदत बोलवायची असते. साखर कमी झाल्यासारखं वाटलं तर गप्पा तिथेच थांबवून "आधी साखर तपास, तुझ्या ठरलेल्या पद्धतीने गोड काहीतरी घे, मग बोलू." आणि मूल नीट उत्तरं देईनासं झालं तर लगेच घरच्या मोठ्यांना.

सिस्टिक फायब्रोसिसबद्दल एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. या आजाराच्या दोन व्यक्तींनी प्रत्यक्ष भेटायचं नसतं, भेटावं लागलं तर किमान २ मीटर अंतर. स्यूडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया सेपेशियासारखे जंतू एकाच्या फुप्फुसातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. म्हणून त्यांच्यासाठी ऑनलाइन भेट हीच सुरक्षित भेट आहे. पण मग मेंटरांचं प्रशिक्षण, वार्षिक मेळावा, "एकदा सगळे जमूया" हेही तसं करता येणार नाही. हे आयोजक बहुतेकदा विसरतात. एरवी एकमेकांना भेटूच न शकणाऱ्या या मुलांसाठी तुमचा कार्यक्रम खरोखर मोलाचा ठरेल.

अंतर्मन

पालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हे संमतीच्या वेळीच निपटवा. संमती दोन असाव्यात, पालकांची लेखी आणि मुलाची स्वतःची, आणि मुलाची वेगळ्या बोलण्यात घ्यावी. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं तर मुलाचं नाही हे नाहीच. आईच्या आग्रहाखातर आलेलं मूल दोन भेटींत गळतं, आणि पुढे कधी मदत मागायची वेळ आली तरी "ते नको" म्हणतं.

पालकांना आणि मुलाला, दोघं समोर असताना, एकच मजकूर वाचून दाखवा. साधारण असा: "भेटीत काय बोललं गेलं ते आम्ही घरी सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र आम्ही लपवणार नाही: मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाला धोका, किंवा कुणीतरी मुलाचा छळ करत असल्याचा संशय. तेव्हाही शक्य असेल तिथे मुलाला आधी सांगून मगच पुढे जाऊ." चौथी ओळ रात्रपाळी यांच्या प्रसंगांसाठी जोडा: तातडीच्या औषधांबाबतचा धोका. पालकांना नियमित काहीतरी हवंच असतं, तर महिन्यातून एकदा समन्वयकाने इतकंच कळवावं: भेटी किती झाल्या, पुढची कधी, आणि पालक म्हणून त्यांचे काही प्रश्न आहेत का. पालकाने मेंटरला थेट फोन करायचा नाही. मेंटरकडून घरी निरोप पोचवून घेणं, "तूच जरा सांग ना त्याला औषधाचं", याला ठाम नकार. मेंटर आईच्या बाजूचा आहे हे मुलाला एकदा कळलं की उरलेल्या भेटी नुसत्या हजेरीपुरत्या.

छळाच्या संशयातला एक अपवादही लिहून ठेवा: संशय घरातल्याच व्यक्तीबद्दल असेल तर घरी कळवायचं नाही, बालसंरक्षणाच्या यंत्रणेकडे जायचं. ते कोण करणार, त्या माणसाचं नाव आधीच ठरलेलं असावं.

आता एक कमी बोलला जाणारा धोका. एकमेकांचं दुःख घोळवत बसणं. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलांच्या मैत्रीबद्दल हे मांडलं: एकच त्रास दोघांनी पुन्हा पुन्हा उगाळला की जवळीक वाढते, पण त्याबरोबर चिंता आणि उदासीही वाढलेली दिसते. सारखा आजार असलेल्या दोघांत हे फार सहज होतं आणि वरून भेट उत्तम झाल्यासारखी वाटते. ओळखायची खूण अशी: सलग तीन भेटींच्या नोंदींत तोच विषय, तेच शब्द, आणि पुढे काहीच ठरलेलं नाही. मेंटरला सांगा की त्रास पूर्ण ऐकून घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, आणि मग एक छोटा प्रश्न: "या आठवड्यात यातलं कोणतं टोक हातात धरता येईल?" उत्तर मिळालं नाही तरी विचारायचं. लगेच उपाय सुचवणं ही याच्या विरुद्ध टोकाची चूक, आणि नव्या मेंटरांत ती जास्त दिसते.

पुढे गट केलात तर सहा ते आठ मुलं, दोन मेंटर, एक मोठा पर्यवेक्षक. गटात आकडे बोलायचे नाहीत: वजन, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी), गोळ्यांची संख्या, किती वेळा दवाखान्यात दाखल झालो. आकडे आले की स्पर्धा येते, कधी कोण जास्त नीट याची, कधी कोण जास्त आजारी याची. डायबेटिसच्या गटात वजनाबद्दलचं बोलणं विशेष जपा. वजन कमी व्हावं म्हणून इन्सुलिन टाळणं ही या वयातली गंभीर आणि लपवली जाणारी गोष्ट आहे, आणि तिची पद्धत गटात चर्चिली जाता कामा नये.

जीव नकोसा झाल्यासारखं काही बोललं गेलं तर मेंटरने थेट आणि शांतपणे विचारायचं: "जगूच नये असं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मुलाला हायसं वाटतं. पुढचं मूल्यमापन मेंटरचं काम नाही. त्याचं काम एवढंच की कॉल चालू ठेवणं, मूल कुठे आणि कुणासोबत आहे ते विचारणं, दुसऱ्या मार्गाने ड्युटीवरच्या पर्यवेक्षकाला बोलावणं आणि मोठं माणूस मुलाजवळ प्रत्यक्ष पोचेपर्यंत सोबत राहणं. याचा अर्थ असा की पर्यवेक्षक फोनवर मिळणार नसेल त्या वेळेत एकही भेट ठेवायची नाही. रात्री अकराची भेट मुलांना सोयीची वाटते, ती देऊ नका. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या ठिकाणची तातडीची सेवा आणि हेल्पलाइन आधीच लिहून ठेवा. या मुलांच्या घरी औषधांचा साठा असतोच, म्हणून तो मोठ्यांच्या ताब्यात कसा ठेवायचा हे पालकांच्या पहिल्या बैठकीतच सांगून टाका.

कुलूपकिल्ली

तांत्रिक बाजू. अमुकच अ‍ॅप वापरा असं म्हणणार नाही, कुठलंही अ‍ॅप निवडा, पण पुढच्या गोष्टी त्यात जमल्या पाहिजेत.

मेंटरचं खातं संस्थेने दिलेलं असावं, वैयक्तिक नको, आणि त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन. मुलाचा आणि मेंटरचा फोन नंबर एकमेकांना दिसता कामा नये. नेहमीच्या चॅट अ‍ॅपच्या गटात हेच होतं, सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे जातात, आणि एकदा गेलेले नंबर परत घेता येत नाहीत. कॉलला प्रतीक्षाकक्ष हवा आणि दर भेटीची लिंक वेगळी हवी. रेकॉर्डिंग बंद. एआयने आपोआप होणारा लेखी उतारा आणि सारांश हेही बंद आहे का ते स्वतः तपासा. काही ठिकाणी ही सोय आपसूक चालू असते आणि मुलाचं सगळं बोलणं कुणाच्या तरी मेलमध्ये जाऊन पडतं.

मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय मात्र बंद ठेवा. लोकांना वाटतं पुसले गेले म्हणजे गोपनीयता जपली. सज्ञान माणूस आणि अल्पवयीन मूल यांच्यातल्या संवादात नेमकं उलटं आहे. उद्या तक्रार आली तर मुलाच्या बाजूने दाखवायला काहीतरी राहिलं पाहिजे. चॅट जपा, समन्वयकाला गरज पडली तर ते पाहता येतं हे दोघांना आधीच सांगा, आणि कार्यक्रम संपल्यावर ठरलेल्या मुदतीने, समजा एका वर्षाने, सगळं काढून टाका. वैयक्तिक माहितीचे आणि संमतीच्या वयाचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे मुदत ठरवताना तुमच्याकडचा कायदा जाणणाऱ्याला विचारा.

छोट्या गोष्टींतूनच आजार उघड होतो. कॅलेंडरमधल्या भेटीचं नाव आणि लॉक स्क्रीनवर झळकणारा गटाचा मजकूर तपासा. "क्रोन्स सपोर्ट, आज ६ वाजता" असं वर्गात बाकावर ठेवलेल्या फोनवर आलं की मुलाने चार वर्षं लपवलेलं एका क्षणात सगळ्यांना कळतं. "बुधवारची भेट" एवढं नाव पुरेसं आहे. पार्श्वभूमी अस्पष्ट करायला शिकवा, शाळेचा गणवेश, भिंतीवरचं प्रमाणपत्र, औषधाच्या डब्यावरचं नाव कॅमेऱ्यात येतं. इअरफोन हवाच, नाहीतर मेंटरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं. आणि कुणी खोलीत आलं तर म्हणायचा एक साधा शब्द ठरवून घ्या. मुलाने "गृहपाठ" म्हटलं की मेंटर विषय बदलतो, प्रश्न विचारत नाही.

एक मतभेद नोंदवतो. भेट चुकली की मेंटरने मेसेज टाकायचा असं सुकाणू म्हणतात. माझ्या मते तोही समन्वयकाच्या खात्यावरून जावा. दोन भेटींच्या मध्ये मेंटर आणि मुलात चॅट असूच नये.

सुकाणू

@कुलूपकिल्ली, पूर्ण बंद केलं की मुलं मेंटरला दुसऱ्या कुठल्यातरी समाजमाध्यमावर शोधून काढतात, आणि मग ते कुणालाच दिसत नाही. त्यापेक्षा संस्थेच्या अ‍ॅपमध्येच चॅट ठेवा, वेळ बांधून द्या, समजा दुपारी चार ते रात्री आठ, आणि "उत्तर दुसऱ्या दिवशीही येऊ शकतं, तातडीचं असेल तर इथे लिहू नकोस, या नंबरवर फोन कर" हे चॅटच्या माथ्यावर कायम दिसू द्या. नंबर पर्यवेक्षकाचा, मेंटरचा नाही.

कुलूपकिल्ली

समन्वयकाला ते चॅट दिसत असेल तर माझी हरकत नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे खूप आभार. रात्रीच्या भेटी आम्ही खरंच ठेवणार होतो, त्या काढल्या. आणखी दोन प्रश्न. मेंटर मध्येच आजारी पडला तर काय? आणि हे विचारायलाही जड जातंय, पण आमच्या यादीतले काही आजार गंभीर आहेत. मेंटर किंवा एखादं मूल गेलं तर? शिवाय मदत करणारे लोक "फरक पडला हे कसं दाखवणार?" असं विचारतात, त्यावरही कुणी लिहिलं तर बरं.

सुकाणू

मेंटर आजारी पडणार हे धरूनच चला, तो त्याच आजाराचा आहे. प्रत्येक जोडीमागे एक राखीव मेंटर ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पाच मिनिटं त्याची ओळख करून द्या, म्हणजे पुढे अनोळखी माणूस येत नाही. मुलाला काय सांगायचं ते मेंटरने स्वतः ठरवावं. "तब्येतीमुळे मला महिनाभर थांबावं लागतंय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही" एवढं तरी सांगितलंच पाहिजे. ते गाळलं तर मूल मनात सगळ्यांत वाईट अर्थ लावतं. दवाखान्यातल्या खाटेवरून भेट घ्यायला मेंटर तयार असेल तरी घेऊ देऊ नका. त्या दिवशी मूल त्याला सांभाळायला लागतं.

नोंदींचं राहिलं होतं. दर भेटीनंतर २४ तासांच्या आत पाच ओळी: किती वेळ, कोणता विषय, मुलाची मनःस्थिती, काही काळजीचं, पुढे काय. शब्दशः संवाद नको. आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्या मेंटरांची पर्यवेक्षकासोबत एक तासाची बैठक, ती न चुकवता. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

फरक दाखवण्याबद्दल: दहा भेटींत रक्ततपासणीचे आकडे सुधारतील असं कुणालाही कबूल करू नका. किती मुलांनी कार्यक्रम पूर्ण केला, किती भेटी प्रत्यक्ष झाल्या आणि मुलांना स्वतःचं काय जमायला लागलं, ते मोजा. टीआरएक्यू नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली यासाठी वापरात आहे. डॉक्टरांची वेळ स्वतः घेणं, औषध संपत आलं की मागवणं, काय होतंय ते डॉक्टरांना स्वतः सांगणं, अशा कामांवर "कसं करायचं माहीत नाही" पासून "लागेल तेव्हा नेहमी करतो" पर्यंत उत्तरं असतात. पहिल्या भेटीआधी, शेवटच्या भेटीनंतर आणि पुन्हा तीन महिन्यांनी भरून घ्या. गळलेल्या मुलांनाही दोन प्रश्न विचारा, का सोडलं आणि काय वेगळं हवं होतं. तुम्हाला सुधारणा तिथेच सापडतील. आणि मेंटरांनाही मोजा. मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो हे फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच लिहिलं होतं. पण मेंटरची झोप किंवा तब्येत बिघडत असेल तर तेही दिसलं पाहिजे.

अंतर्मन

मृत्यूबद्दल. नियोजन आत्ताच करा, त्या दिवशी कुणालाच सुचत नाही.

बातमी गटात टाकायची नाही, मेसेजनेही नाही. कुटुंबाला विचारून, काय आणि किती सांगायचं ते ठरवून, शक्यतो त्याच दिवशी पर्यवेक्षकाने एकेकाला फोन करायचा. मुलाच्या बाबतीत आधी पालकांना, मग पालक शेजारी असताना मुलाला. शब्द सरळ असावेत: "ती वारली." "आपल्यात नाही" किंवा "झोपली" असं म्हटलं की मुलं अर्थ लावत बसतात. त्याच फोनवर मुलाच्या मनातला प्रश्न आपण होऊन काढायचा, कारण ते स्वतः विचारत नाही: "तुझा आजारही तोच आहे, म्हणून तुझ्या मनात काही येत असेल ते आत्ता किंवा उद्या, केव्हाही विचार." आजाराबद्दलचं उत्तर त्याच्या डॉक्टरांनी द्यायचं, म्हणून त्यांना आधी कळवून ठेवा आणि त्याच आठवड्यात बोलणं होईल असं पाहा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन, आणि पंधरा दिवसांनी तिसरा. आठवणी सांगण्यासाठी एक वेगळी भेट ठेवा, येणं ऐच्छिक. नेहमीच्या भेटी बंद ठेवू नका, मुलांना ठरलेली वेळ त्या दिवसांत फार लागते. गेलेल्या व्यक्तीचं खातं आणि चॅट लगेच काढू नका. कधी काढणार ते सांगा, आणि त्याआधी मुलाला स्वतःसाठी काही जपून ठेवायचं असेल तर विचारा.

गेलेल्या मुलाच्या मेंटरला किमान महिनाभर नवीन मूल देऊ नका, "मी ठीक आहे" म्हणाला तरीही.